मंगळवारची रजा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत मन थकलं तर रजा मिळे, शिकायचं असेल तर मिळत नसे. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताईंचं सगळं रामायण त्याच्यातूनच सुरू झालं.

ताईंनी चाळिशी ओलांडल्यावर गणितात एम.एस्सी. करायला घेतलं होतं. दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांची बोलणी खाऊन त्यांची छाती धडधडू लागली, झोप उडाली, तेव्हा त्या दर शनिवारी एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागल्या. "आठवड्यातून एकदा तरी मनासारखं काही करा," बाई म्हणाल्या. आता ताईंच्या मनासारखं काय, तर गणित. तिथे चुकलं तरी कोणी अंगावर ओरडत नाही. तास मात्र मंगळवारी दुपारी, आणि हजेरी कमी भरली तर नाव काढून टाकणार.

"मंगळवारी कुठे जायचंय?" साहेबांनी विचारलं.

"मनासाठी जाते," ताई म्हणाल्या. तसं पाहिलं तर हे खोटं नव्हतं.

ताई समुपदेशक बाईंकडे जातात हे साहेबांच्या कानावर होतंच; ते विरघळले. दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस ताईंना तळहातावरच्या फोडासारखं जपू लागलं. शेजारचे कारकून खुर्ची सरकवायची तीही अलगद उचलून ठेवू लागले. फोनवर कोणी आवाज चढवला की साहेब स्वतः धावत येऊन फोन काढून घेत. त्यांनी ताईंच्या नवऱ्यालाही फोन केला, "घरात टीव्ही जरा हळू लावा हो." खरं काय ते ठाऊक असूनही बिचारा मॅच बिनआवाजाची बघू लागला.

एका बुधवारी ताई गुणगुणत आल्या. कित्येक दिवस डोक्यात न शिरलेलं प्रमेय आदल्या दिवशी एकदम उलगडलं होतं. साहेबांनी टाळीच वाजवली.

"गुण आला बघा! ताई, तुमच्या त्या बाईंना आता इथेच बोलवू. मंगळवारी दुपारी, सगळ्यांसाठी."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. तास बुडाले तर पदवी जाणार, बाईंना बोलावलं तर बिंग फुटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"खरं सांगून टाका," शनिवारी बाई म्हणाल्या.

"आणि रजा गेली तर?"

"तर रडायला निदान खरं कारण असेल."

सोमवारी ताई साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. या वेळी शिक्षण सुटलं तर पुन्हा हिय्या होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, मंगळवारी मी उपचाराला जात नाही. मी गणित शिकते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गणित?"

"एम.एस्सी."

"कोणी करायला लावलंय?"

"कोणी नाही. स्वतःहून करतेय."

"घर, नोकरी सांभाळून? बढतीसाठी का?"

"नाही हो. आवडतं म्हणून. गणित केलं की बरं वाटतं."

साहेब उठले, त्यांनी दार लोटून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"ताई, हे कधीपासून होतंय?"

"अहो, खरंच सांगतेय!"

"हो हो, खरंच. मी कुठे नाही म्हणतोय?" साहेबांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता. "त्या बाईंना इकडे नको बोलवायला. त्यांना तुमच्याकडेच लक्ष देऊ दे. आणि एका दिवसानं काही भागायचं नाही, गुरुवारीही जात जा."

गुरुवारी बीजगणिताचा तास असे. नोकरीमुळे ताईंनी तो पुढच्या वर्षावर ढकलला होता. "बरं" म्हणून ताई बाहेर आल्या. खरं बोलून इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. टेबलाशी येऊन बसल्या आणि एकट्याच खो-खो हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

केबिनच्या काचेतून साहेबांनी ते पाहिलं आणि शुक्रवारही देऊन टाकला.