मोटरसायकलचा केसपेपर

"यंत्र कधी खोटं बोलत नाही! प्रत्येक कार्याला कारण असतं, आणि ते विचार करणाऱ्या माणसापासून लपून राहूच शकत नाही!" अंगणात उभं राहून मास्तरांनी जाहीर केलं आणि किक मारली. मोटरसायकल दोनदा खोकली, एकदा गुरगुरली आणि सायलेन्सरमधून तिनं असा काही बार काढला की समोरच्या घराच्या दोन खिडक्या धाडकन बंद झाल्या. तिसरी आधीच बंद होती. ती कालच्या आवाजानंच बंद झालेली.

मास्तरांनी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. इंजिनाची आकृती ते फळ्याकडे न बघता काढत. पण फळ्यावरचं इंजिन कधी बिघडत नाही. अंगणातलं मात्र महिनाभर लंगडत होतं. उभं असताना धाप लागल्यासारखं वरखाली व्हायचं आणि वेग कमी केला की फाट! नाक्यावरचा मेकॅनिक, म्हणजे त्यांचाच माजी विद्यार्थी, म्हणाला होता, "सर, इंजिन खोलावं लागेल." मास्तरांचा स्वाभिमान तिथेच भडकला. "रविवारी बारापर्यंत दोष मी शोधीन. नाही सापडला तर गाडी तुझी. खुशाल सुटे भाग करून वापर!"

आज रविवार होता. मेकॅनिक अकरालाच येऊन पायरीवर बसला होता.

"सर, प्लग बघितला?"

"बघितला, घासला, बदलला."

"ठिणगीचं टायमिंग?"

"जरासं पुढे घेतलं."

"जरासं म्हणजे?"

मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. किकनं उलटा हाणलेला तडाखा नडगीवर निळाजांभळा उमटला होता. "एवढं," ते म्हणाले.

मग टायमिंग मागे घेतलं, म्हणून हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. स्क्रू फिरवला, म्हणून जुना प्लग परत लावला. प्रत्येक नवा उपाय आधीच्या उपायावर बोळा फिरवत होता. वहीत सतरा उपाय व्यवस्थित तारीखवार लिहिले होते. अठराव्यापुढे नुसतं 'छे!' एवढंच होतं. मास्तरांनी गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. उद्या हीच टाकी दुसऱ्याच कुणाच्या गाडीवर बसलेली असेल, या विचारानं त्यांनी ती बाहीनं पुन्हा एकदा पुसली.

तेवढ्यात हात पुसत बाई बाहेर आल्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात वॉर्ड सांभाळला होता. तिथले मोठे डॉक्टरसुद्धा औषध लिहिण्याआधी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घेत.

"अहो, पेशंटला एका वेळी किती औषधं दिलीत?"

"अगं, ते इंजिन आहे."

"मग? तापतं, धापा टाकतं, नको तिथून आवाज काढतं. आमच्या वॉर्डात वेगळं काय होतं? आधी तुमची सगळी औषधं बंद करा."

मास्तरांनी मुकाट्यानं टायमिंग आणि स्क्रू होते तिथे आणून ठेवले. साडेअकरा वाजले.

"त्रास कधीपासून?"

"महिना झाला."

"गार असताना जास्त, की तापल्यावर?"

"गार असताना. चोक ओढला की जरा बरं वाटतं."

"त्याआधी काय केलं होतंत?"

"काही नाही."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "तीस वर्षांत मला असा एक पेशंट भेटला नाही ज्यानं काही केलं होतं. सगळे 'काही नाही' करूनच आडवे झालेले. खरं सांगा."

मास्तर चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "कार्बोरेटर काढून साफ केला होता."

"बिघडला होता?"

"नाही. चांगला होता. पण परत बसवताना मी अगदी घट्ट बसवला हं!"

पायरीवरचा मेकॅनिक एकदम खोकला.

बाई आत गेल्या आणि स्टेथोस्कोप घेऊन आल्या. छातीला लावायची चकती त्यांनी उपसून काढली, नळ्या कानात घातल्या आणि सुरू इंजिनाभोवती नळीचं मोकळं टोक सावकाश फिरवायला लागल्या. डोळे मिटलेले.

"वीस वर्षं ड्यूटी संपली की इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहून मी हाच आवाज ऐकलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही वळणावर असतानाच ओळखायची. हा श्वास हिचा नाही. मधूनच कुठून तरी बाहेरची हवा ओढतेय. हं, इथे!"

नळी कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराशी थांबली होती. मास्तरांनी प्राणपणानं आवळलेल्या धातूच्या पट्ट्याखाली रबराला नखाएवढी चीर गेली होती. बाईंनी तिच्यावर ओलं फडकं दाबून धरलं. धाप थांबली. इंजिन शहाण्यासारखं एका लयीत चालायला लागलं. मास्तरांनी वेग वाढवला, एकदम सोडला. बार नाही की काही नाही.

"जास्तीची हवा!" मास्तर ओरडले. "म्हणून पेट्रोल नीट जळत नाही, आणि उरलेलं सायलेन्सरमध्ये जाऊन फुटतं!"

"सर, हे तुम्हीच शिकवलं होतंत," मेकॅनिक म्हणाला.

"मग तुला कसं सुचलं नाही?"

"मी तो धडा ऑप्शनला टाकला होता."

तो पळत जाऊन दुकानातून नवं रबर घेऊन आला. "पट्टा बेतानं आवळ रे," बाईंनी बजावलं. बाराला पाच कमी असताना मोटरसायकल अंगणात अशी संथ चालत होती की समोरची एक खिडकी भीत भीत उघडली.

मास्तरांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं आपण एका शास्त्रज्ञाला मागच्या सीटवर बसवून फिरवत होतो, हे त्यांना आत्ता उमगलं. "बघितलंस?" ते मेकॅनिकला म्हणाले. "याला म्हणतात निरीक्षण! याला म्हणतात पद्धत! वही काढ. काय विचारायचं ते आत्ताच विचारून घे, असा गुरू पुन्हा भेटायचा नाही!"

मेकॅनिक बाईंकडे भारावून बघत होता. मग त्यानं हात पुसले, दोन पावलं पुढे आला आणि उजव्या पायातली चप्पल हळूच काढली.

"बाई, जरा ही टाच बघता का? सकाळी पहिलं पाऊल टाकलं की कळ येते."