गोपीनाथरावांचं वजन

बकुळचं लग्न या खेपेस जमणार, याबद्दल ढुंढिराज आगाशेला तिळमात्र शंका नव्हती. "मुलगा जबलपूरच्या बँकेत, मुलगी एम.ए., आणि सगळी व्यवस्था माझ्या हातात! नाही म्हणायला त्यांना जागाच कुठाय?" असं तो आईला उठताबसता ऐकवत होता. चहा झाला की पाहुण्यांना ब्रह्माघाटावरून मोठ्या बजऱ्यात, म्हणजे छपराच्या नावेत, बसवायचं, संध्याकाळची काशी दाखवायची, आणि नाव परत लागेपर्यंत होकार खिशात!

बकुळ, म्हणजे त्याची धाकटी बहीण, साडीला इस्त्री करता करता म्हणाली, "दादा, एकच सांगते. पाहुण्यांना काही शिकवू नकोस."

तिची भीती वावगी नव्हती. ढुंढिराज इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि घंटा झाली तरी त्याचं शिकवणं थांबत नसे. मागच्या स्थळाच्या मामांना त्याने दूध उतू का जातं ते चुलीपाशी उभं राहून समजावलं होतं. समजावणं संपलं तेव्हा पातेल्यात दूध नव्हतं आणि घरात मामा नव्हते!

"बिलकुल नाही शिकवणार," ढुंढिराज म्हणाला.

पाहुणे दोघंच आले. मुलगा प्रल्हाद देवस्थळी उंच, सडपातळ आणि अबोल होता. वडील गोपीनाथराव मात्र असे भरभक्कम, की गल्लीत समोरून आलेला सांड त्यांना बघून मागे फिरला. चहापोहे बिनबोभाट पार पडले. मंडळी घाटावर आली. पाहुणे आणि बकुळ बजऱ्यात बसले, आणि नाव वल्हवणारा मन्नू मल्लाह 'अभी आया' म्हणून पान खायला गेला. ढुंढिराज पायरीवरच उभा होता.

"तुम्ही फिजिक्सवाले ना?" गोपीनाथरावांनी विचारलं. "तो रशियाचा माणूस अंतराळात जाऊन आला परवा. वर त्याचं म्हणे वजनच नाहीसं झालं! खरं का हो?"

बकुळ खोकली.

"पेपरवाले काहीही छापतात," ढुंढिराज म्हणाला. एवढं बोलायला त्याला असे कष्ट पडले की कपाळावर घाम आला.

"तसं नव्हे. मला डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलंय. रोज चार मैल चालतो, पण काही फरक नाही. आणि तो गडी नुसता बसल्या जागी... म्हणून विचारलं."

आता मात्र ढुंढिराजचा नाइलाज झाला! "वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं!" तो कडाडला. "वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला खाली ओढते ती ओढ. ती जागेप्रमाणे बदलते. वस्तुमान म्हणजे तुमच्यात मुळात ऐवज किती, ते. तो कुठेही न्या, तेवढाच!"

"म्हणजे चंद्रावर माझं वजन कमी भरेल?"

"सहावा हिस्सा!"

"आणि पोट?"

"पोट तेवढंच."

गोपीनाथराव हिरमुसले. ते बघून ढुंढिराजला राहवेना. "थांबा, दाखवतोच! या बजऱ्याचं सगळं वजन पाण्याने पेललंय. उचलायचं कुणालाच नाही. म्हणून मी तो एका बोटाने चालवतो, बघा!" आणि त्याने दोर सोडून बजऱ्यात टाकला.

"दादा!" बकुळ म्हणाली.

बजरा ढिम्म. ढुंढिराजने बोट टेकवून जोर लावला. "वस्तुमान!" तो दात आवळून म्हणाला. "ते शाबूत आहे ना, म्हणून हलायला नाखूश असतं!" त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, आणि मग बजरा खरोखरच सरकला. आधी चिमूटभर, मग वीतभर, मग काठाकाठाने आरामात निघाला!

"कमाल आहे बुवा!" गोपीनाथरावांनी टाळ्या वाजवल्या.

"आता थांबव," बकुळ म्हणाली.

"थांबवतो की! पण लक्षात घ्या, हलायला ते जेवढं नाखूश, तेवढंच थांबायलाही..."

इथे ढुंढिराजचं वाक्य अडलं, कारण त्याने पुढे पाहिलं. पुढे घाटावर पूजा सांगणाऱ्या काशीनाथभटांची बसायची लाकडी चौकी होती, चारही पाय पाण्यात रोवलेली. तिच्यावर बांबूची भलीमोठी छत्री, आणि छत्रीखाली डोळे मिटून जप करणारे काशीनाथभट!

ढुंढिराजने बजऱ्याला बोट लावलं, मग तळवा लावला, मग खांदा दिला. शेवटी तो पुढे धावला, चौकीला पाठ टेकली आणि दोन्ही पाय बजऱ्याच्या नाकाला लावले. क्षणभर वाटलं, थांबवतोय! पण बजरा काही घाईत नव्हता. तो तसाच सावकाश येत राहिला आणि ढुंढिराजची धोतरासारखी घडी होत गेली. मग चौकीचे पाय मोडले. काशीनाथभट, माळ, गंधाची वाटी, छत्री आणि ढुंढिराज, सगळे गंगार्पण! पडती छत्री धरायला गोपीनाथराव उठले, आणि तेही मागोमाग गेले.

"अरे मास्टर साहब, ई का कइ देहला!" पानाच्या टपरीवरून मन्नू ओरडत धावला.

पाणी कमरेइतकंच होतं. बकुळने दोर घेऊन पायरीवर उडी टाकली, लोखंडी कडीला तीन वेढे दिले आणि बजरा कुरकुरत उभा राहिला. प्रल्हाद पाण्यात उतरून वडिलांना काखेत धरून उचलायला बघत होता.

"उचलू नका!" बकुळ ओरडली. "त्यांना पाण्याने उचललंच आहे! नुसते ओढत आणा, हळूच!"

प्रल्हादने तिच्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. मग एका हाताने वडिलांना ओढलं, तर ते पळसाच्या पानासारखे तरंगत आले!

"प्रल्हाद! अरे, मी हलका झालो!" गोपीनाथराव आनंदाने किंचाळले. "सोड मला! जरा राहू दे!"

ते बाहेर यायलाच तयार होईनात. शेवटी पायरीपाशी पाणी संपलं, वजन जसंच्या तसं परत आलं, आणि त्यांना वर चढवायला प्रल्हाद, मन्नू आणि ओलेचिंब काशीनाथभट असे तिघे लागले.

घरी जेवायला बसले तेव्हा ढुंढिराजचं धोतर गोपीनाथरावांना कसंबसं पुरलं होतं. ढुंढिराजची पाठ वाकली होती आणि मानही. हेही स्थळ गेलं! त्याची आई लीलाबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या तर गोपीनाथरावांनी पानावर हात आडवा धरला.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "प्रल्हादने मघाशीच सांगितलं. पण मास्तर, एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या."

"विचारा ना," ढुंढिराज पुटपुटला.

"आज पाण्यात माझं वजन गेलं होतं. बाहेर आल्यावर परत आलं, कबूल. पण सगळंच्या सगळं थोडंच परत आलं असेल? आठ दिवस इथे राहून रोज तासभर गंगेत बसलो, तर उतरेल ना?"

ढुंढिराजने तोंड उघडलं. 'वस्तुमान' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. समोर गोपीनाथराव, नापास झालेला पोरगा निकालाच्या यादीत आपलं नाव शोधतो तसे त्याच्याकडे बघत होते. आईच्या हातात भांडं तसंच होतं. स्वयंपाकघराच्या दारात बकुळ उभी होती. या खेपेस तिने काही खूण केली नाही.

"बरंच उतरेल," ढुंढिराज म्हणाला.

गोपीनाथरावांनी पानावरचा हात काढला.

"मग वाढा तूप!"