फाशीपेक्षा कमी काही नाही

शिक्षा जितकी कडक मागावी, तितका मागणारा सज्जन ठरतो. या हिशेबाने पांढुर्ण्यात यशवंतरावांइतका सज्जन माणूस नव्हता. ते 'कठोर शिक्षा नागरिक समिती'चे अध्यक्ष. संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये सुपरवायझरने तिथे काम करणाऱ्या अमितावर अत्याचार केला, त्याच्या चौथ्या दिवशी समिती स्थापन झाली. गोटमारीच्या जत्रेत दगडांनी एकमेकांची डोकी फोडणारी पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावं फाशीवर मात्र एकमत झाली. चौकाचौकात बॅनर लागले. (पीडितेचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, म्हणून फक्त गल्ली छापली.)

समितीने जनमतही घेतलं. एक हजार बारा नागरिकांपैकी सहाशे चाळीस फाशीच्या बाजूने, तीनशे एकसष्ट भर चौकात फाशीच्या बाजूने, आणि अकरा जणांना चौकात बसायची सोय काय, हे जाणून घ्यायचं होतं. अमिताला कोणी विचारलं नाही. तिचं मत वेगळं काय असणार?

एका दुपारी तीच यशवंतरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात आली. शेड दुकानासमोरच होतं.

"काका, फाशीचं राहू द्या. त्या दिवशी मी रडत बाहेर पळाली, ते तुम्ही पाह्यलं. पाणी पाजलं मले. तेवढंच कोर्टात सांगा. त्यानं केलं, हे कागदावर आलं पाहिजे. तो तिथून गेला तर मी कामाले जाईन."

"अवं बेटा, तुह्यासाठीच तर करून राहिलो ना सारं! साक्षीनं काय होते? दहा वर्षं! दहा वर्षं म्हणजे काय शिक्षा झाली?" यशवंतरावांचे डोळे भरून आले. खरंच आले हो, खोटं कशाला सांगू.

यशवंतरावांना साक्षीसाठी सौंसरच्या कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा रामाकोन्यात नात्यातलं लग्न होतं. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा सुनेने, उर्मिलाने, मामंजी घरी नाहीत म्हणून सांगितलं (ते माळ्यावर होते). तिसऱ्या तारखेला नेमका समितीचा मोर्चा होता, आणि अध्यक्षाविना मोर्चा निघतो का कुठे? 'फाशी द्या, फाशी द्या' ओरडून त्यांचा घसा पार बसला. त्याच वेळी कोर्टात अमिता एकटी उभी राहून सांगत होती, आणि वकील विचारत होता, "पण बाई, पाहिलं कोणी?"

संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. सोमवारपासून शेडवर हजर.

समितीने त्याच संध्याकाळी न्यायव्यवस्थेचा तीव्र निषेध केला. नवीन निवेदन तयार आहे. वाचकहो, तुमचंही रक्त खवळलंच असेल, तेव्हा सही करा. पूर्ण पत्ता तेवढा लिहू नका. उगाच समन्स यायचं.