रामटेके मिस्त्रींची तराई

रामटेके मिस्त्री कोणाच्या घरी गेले की दार वाजवत नाहीत, खांब वाजवतात. सदऱ्याच्या खिशात एक लहानशी हातोडी असते. ती काढून आधी खाली, मग छातीच्या उंचीवर, मग हात पोचेल तिथे टकटक करायची, कान लावायचा, मान हलवायची, आणि मगच घरच्या माणसांकडे वळून जयभीम घालायचा. माणसांच्या आधी खांबाची खुशाली.

मला हे ठाऊक नव्हतं. लाखांदूरच्या पुढे एका गावात शाळेची मुख्याध्यापिका म्हणून माझी बदली झाली आणि मिस्त्रींच्या घरासमोरच मला खोली मिळाली. सामान उतरवत होते तेव्हा एक काटकुळे म्हातारे गृहस्थ सरळ आत आले, काठीला हातोडी बांधून त्यांनी माझ्या खोलीचा स्लॅब इकडून तिकडे वाजवला आणि म्हणाले, "मॅडम, पलंग त्या भितीले लावा. इथं भदभद वाजून राहिलं." एवढं बोलून निघून गेले. नाव नाही, गाव नाही. मी म्हटलं, बरं, म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा. पलंग हलवला. श्रावणात एका दुपारी पाटाएवढा पोपडा पलंगाच्या आधीच्या जागी धपकन पडला. तेव्हापासून त्यांनी सांगितलं तर मी कपाटसुद्धा हलवते.

मिस्त्रींनी आयुष्यभर स्लॅब टाकले आणि उतारवयात तेच स्लॅब दुरुस्त करायचं काम हाती घेतलं. सिमेंटच्या आतली सळई कशी मरते, हे ते कोणालाही, न विचारता सांगतात. पाणी आणि हवा आत शिरली की सळई गंजते. गंजली की फुगते. फुगली की वरचं सिमेंट ढकलून देते. या सगळ्याचं सार त्यांनी तीन शब्दांत करून ठेवलं आहे: "गंजते ते फुगते." हे वाक्य ते फक्त सळईसाठी वापरतात असं नाही. गावातले एक गृहस्थ निवडून आल्यावर छाती काढून चालायला लागले, तेव्हा मिस्त्री ओट्यावरून त्यांच्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "आतून गंजून राहिला."

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोक कोणतं ऑफिस कुठे गेलं याची चर्चा करत होते. मिस्त्री दोन दिवस बोटांवर काहीतरी मोजत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी बायकोला, शांताबाईंना म्हणाले, "माहे अकरा स्लॅब तिकडं गेले." शांताबाई ही गोष्ट अजून हसून सांगतात. लेकी सासरी गेल्यासारखा चेहरा होता, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना सोयरिकीला नेऊ नये, असं गावात सगळे म्हणतात आणि तरी नेतात. एकदा गावातल्या एका मुलीसाठी लाखनीला मुलाचं घर बघायला गेले. मुलाच्या वडिलांनी हौसेने वरचा नवा मजला दाखवला. मिस्त्री मात्र खालीच थांबले. पोहे आले, चहा आला, बोलणी जमत आली, आणि कोणीतरी सहज विचारलं, मिस्त्री, तुमचं काय मत? ते म्हणाले, पोरगा मजबूत आहे, घर नाही. वर मजला चढवला, पण खालचे दोन खांब कुजले आहेत, आमची पोरगी त्याखाली झोपणार नाही. परतीच्या एसटीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. महिनाभराने मुलाचे वडील स्वतः त्यांना न्यायला आले. खांब फोडून बघितले होते. मिस्त्रींनी दोन्ही खांबांना नवीन सळई बांधून सिमेंटचं जाकीट घातलं, आणि मग त्याच घरी लग्न लागलं. अक्षता टाकतानाही त्यांची पाठ नवरदेवाकडे आणि तोंड खांबाकडे होतं, असं नवरी मला सांगते.

आमच्या शाळेशी मात्र त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. शाळेचा व्हरांडा जुना, मुलं तिथेच बसून खिचडी खातात. स्लॅबच्या पोटाला तपकिरी रेघा उमटलेल्या होत्या, जणू कोणी आतून पट्टी ठेवून आखल्या आहेत. मिस्त्री रोज एकदा फाटकापर्यंत येत, त्या रेघांकडे बघत आणि परत जात. सगळ्या गावाचे खांब वाजवणारा हा माणूस आमच्या व्हरांड्यात पाय ठेवत नव्हता. मला वाटलं, शाळेतल्या गोंगाटाचा त्रास होत असेल.

मग एका सकाळी वाटीएवढा तुकडा खाली पडला. मुलं वर्गात होती म्हणून बरं. आठवड्याने वरचे साहेब शाळा बघायला येणार होते. शाळा समितीच्या बैठकीत ठरलं की भोकावर प्लास्टर मारायचं आणि वरून रंग द्यायचा. दुसऱ्या दिवशी पेंटर आला, त्याने शिडी लावली, आणि खालच्या पायरीवर मिस्त्री येऊन बसले. पेंटरने विनवलं, समितीच्या लोकांनी समजावलं. ते हलेनात. मला म्हणाले, "मॅडम, रंग म्हंजे पावडर. दुखनं झाकून लेकरायले खाली कायले बसवता?"

खरं सांगायचं तर मला रंग हवा होता. नवी बदली, पहिली तपासणी. पण पलंगाच्या जागी पडलेला तो पोपडा आठवला. मी पेंटरला परत पाठवलं, मुलांची पंगत कडुनिंबाखाली हलवली आणि साहेब आले तेव्हा तसाच भोक पडलेला व्हरांडा दाखवला. बोलणी खाल्ली. पण दुरुस्तीची परवानगीही त्याच दिवशी मिळाली.

मिस्त्रींनी स्लॅबला खालून लाकडी बल्ल्यांचा आधार दिला आणि शिडीवर चढले. पोकळ भाग छिन्नीने फोडला, सळईच्या मागे बोट जाईल इतका. पेन्सिलीएवढ्या सळया काही ठिकाणी उदबत्तीच्या काडीएवढ्या उरल्या होत्या. एरवी असं काही दिसलं की ते अर्धा तास व्याख्यान देतात. त्या दिवशी शिडीवरून उतरले आणि न जेवता घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी कोणालाच हात लावू दिला नाही. तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासली, शेजारी नवीन सळई बांधली, गंज रोखणारा लेप दिला, मग सिमेंटचा घट्ट मसाला थरावर थर भरला. वर छतावर उतार काढला, पाणी साचू नये म्हणून. आणि मग सुरू झाली तराई, म्हणजे सिमेंट पक्कं व्हावं म्हणून नवीन कामाला दिवसातून अनेकदा पाणी पाजणं. खालच्या बाजूला पाणी टिकत नाही, म्हणून मिस्त्रींनी धानावर फवारायचा पंप धुऊन धुऊन आणला, पाठीला लावला आणि दर दोन तासांनी व्हरांड्याखाली उभे राहून वर फवारू लागले. सदरा चिंब, चष्म्यावर थेंब. मुलं खिडकीतून हसत. सात दिवस पुरे असतात, असं तेच सगळ्यांना सांगत. इथे चौदा झाले तरी पंप उतरेना.

पंधराव्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, मिस्त्री, आता पुरे. किती पाणी पाजाल?

ते पंप उतरवून पायरीवर बसले. "हा स्लॅब माह्याच हातचा आहे," म्हणाले.

मग सावकाश सांगत गेले. तेव्हा ते नवीनच मिस्त्री झाले होते. ठेकेदाराची घाई होती. सळई खालच्या फळ्यांपासून थोडी उचलून ठेवायची असते, म्हणजे तिच्याखालीही सिमेंट बसतं; ते नीट झालं नाही. ते त्यांना दिसत होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. स्लॅब टाकला त्याच संध्याकाळी शांताबाईंच्या पोटात दुखू लागलं आणि बैलगाडीने लाखांदूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बाळंतपण अडलं. मिस्त्री आठ दिवस तिथेच बसून राहिले. मुलगी झाली, मायलेकी वाचल्या. नवव्या दिवशी परत आले तर स्लॅब ऐन उन्हात कोरडा ठणठणीत पडला होता. कोणी एक थेंब पाणी टाकलं नव्हतं. वरून सुंदर दिसत होता, म्हणून कोणाला काही कळलं नाही. सहा वर्षांनी तीच मुलगी, वंदना, याच शाळेत आली आणि याच स्लॅबखाली जेवायला बसू लागली.

"पाऊस आला का मी हातचं काम टाकून फाटकापाशी येऊन उभा राहत होतो," ते म्हणाले. "कोनाले सांगाव?"

वंदना आता नागपूरला नर्स आहे. तो दिवस रविवार होता, आणि ती नेमकी तेवढ्यात आली. बापाला खोकला झाल्याचं आईने फोनवर सांगितलं असावं, कारण ती थेट शाळेतच आली आणि ओला सदरा बघून फाटकापासूनच रागवायला लागली. या वयात कोणाची शाळा, कोणाचा स्लॅब, तुम्हालाच एकट्याला काय पडलंय? मिस्त्री शाळकरी पोरासारखे मान खाली घालून ऐकत होते. ती पंप रिकामा करायला नळाकडे गेली तेव्हा मी हळूच विचारलं, तिला ठाऊक आहे?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तिले वाटन, माह्यापायी झालं. तिच्यापायी नाई झालं, मॅडम. परत तसा दिवस आला तरी मी दवाखान्यातच जाईन. फक्त जाताजाता कोनाले तरी सांगीन, का बाबा, दोन बालट्या पानी टाकत जा."

ऊन चढलं होतं. वंदना पंप धुऊन नळापाशी उभी होती, पदराने कपाळ पुसत. मिस्त्रींनी एकदा वर बघितलं, सगळ्या स्लॅबभर नजर फिरवली, आणि तिला हाक मारली.

"तिकडं उनात कायले उभी राहिली वं? ये, इथं खाली बस."