विजेच्या डबीतला पापड

लोक पापड ताटात घेतात. आमच्या कराडातले जब्बारभाई भाजलेल्या पापडाचा तुकडा विजेच्या डबीत ठेवतात, झाकण लावतात, वरून नळीने पाण्याचा मारा करतात आणि मग तो तुकडा काढून चावतात. कुर्रकन वाजला तर डबी पास. मऊ निघाला तर नापास, आणि उरलेला मऊ पापड शेजारधर्म म्हणून मला.

जब्बारभाई जुने वायरमन. पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "पानी लय हुशार असतं गड्या," ते सांगतात. "माणूस दारातनं येतो. पानी दार सोडून कुठनंबी येतं." एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलीकडे बघायच्या आधी त्यांना बेसिनशेजारचा प्लग दिसला. खिशातून टेस्टर निघाला, फ्यूज निघाला, आणि पुतण्याचं लग्न अंधारात ठरलं. ते अजून टिकून आहे, याचं श्रेयही जब्बारभाई त्या फ्यूजलाच देतात.

बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी यास्मिन, दोघंच. यंदा यास्मिनने जुनी पिकअप घेतली. हौद्यात शेवयांचं मशीन बसवायचं आणि पार पलूसपर्यंत गावोगाव फिरून बायकांना दारातच शेवया पाडून द्यायच्या, असा तिचा बेत. मशीनला हौद्यात प्लग हवेत. हौदा उघडा, आणि उन्हाळ्यात वळीव काही सांगून येत नाही.

"बोर्ड मी बसवनार," जब्बारभाई म्हणाले. "माझ्या हातनं पास झाल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

मग सुरू झालं. जुनी ट्यूब कापून झाकणाखाली रबर बसवलं. झाकणाला स्प्रिंग लावली. वायर डबीत सरळ न नेता आधी खाली लोंबवली, मग वर घेतली, म्हणजे थेंब त्या झोळातच गळून जावा. सगळं बंद झाल्यावर डबीच्या बुडाला एक बारीक भोक पाडलं.

"आवं, एवढं बंद केलं आणि आता भोक?" मी विचारलं.

"आलंच पानी तर जायला नगं? पावण्याला काय कोंडून घालतोस व्हय रं?"

वीज बंद ठेवून पहिली पापड-परीक्षा झाली. नळी माझ्या हातात. पापड ओल्या फडक्यासारखा लोंबला. जब्बारभाईंनी रबर बदललं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "मऊ." तिसऱ्यांदाही मऊ. तिकडे पलूसच्या बायकांचे फोन सुरू झाले. 'रवा काढून ठिवलाय, कवा येतीस?'

"काका, अब्बांना सांगा की जरा," यास्मिन कुंपणाशी येऊन म्हणाली. "उन्हाळा सरत आलाय. शेवया काय दिवाळीत पाडू?"

शेवटी एका सकाळी तिने नळी माझ्या हातातून घेतली आणि बोर्डाला अशी अंघोळ घातली की मी भिजलो. जब्बारभाईंनी डबी उघडली. पापड तोंडात टाकला. मी हातभर अंतरावर होतो. असा कुर्रकन आवाज झाला की कुंपणावरची कोंबडी उडाली.

"मऊ," जब्बारभाई म्हणाले. दाढीत पापडाचा चुरा.

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

यास्मिनने हात पुढे केला. "द्या."

उरलेला तुकडा तिने सावकाश चावला. तोही तसाच वाजला.

"अब्बा, दिवे लागायच्या आत रोज घरी येते मी."

"मी काय बोललो का?" जब्बारभाई झाकण पुसत म्हणाले. "पलूसचा रस्ता तेवढा खराब हाय. दमानं जा."

गाडी वळणाआड गेली तरी ते फाटकाचा अडसर हातात धरून उभे होते. मी निघालो तशी मागून हाक आली.

"चा घेऊन जा रं. सवयीनं दोघांचा ठिवलाय."

चहात साखर नव्हती. साखरेचा डबा कुठं असतो, हे त्या घरात एकट्या यास्मिनला ठाऊक. चहा झकास झालाय, असं एकमेकांना सांगत आम्ही दोघांनी तो संपवला.