बोटवाल्या बबनरावांचं घर

माझ्या भाचीच्या लग्नात व्याह्यांच्या मंडळींसाठी टेबलांवर पांढरंशुभ्र कापड अंथरलं होतं. पंगत बसणार एवढ्यात आमचे शेजारी बबनराव बादली घेऊन आले आणि त्यांनी एकेका टेबलावर तांब्यातांब्याने पाणी ओतलं. अगदी शांतपणे, तुळशीला घालावं तसं. व्याही बघतच राहिले. "अहो, हे काय?" म्हणून मी ओरडलो, तर म्हणतात कसे, "वल्या कापडावरनं ताट घसरत न्हाई, भाऊ. बोट हालली म्हंजी?"

नारायणगावच्या मंगल कार्यालयात बोट! समुद्र बघायचा तर आम्हाला अख्खा माळशेज घाट उतरून पार पलीकडं जावं लागतं, राव.

बबनराव मालवाहू बोटीवर आचारी होते. रिटायर होऊन वारूळवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. बोट सुटली, पण बोटीचं खूळ काही सुटलं नाही. रोज जेवणं झाली की फळीवरचे डबे सुतळीने बांधून ठेवायचे. कसं काय म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "तरंगतोय अजून!" आणि शिट्टीचं तर भलतंच वावडं. शिट्टी वाजवली की वादळ येतं म्हणे, म्हणून घरात कुकर नाही.

एकदा आमच्या कुकरच्या लागोपाठ तीन शिट्ट्या झाल्या. बबनराव थेट आमच्या स्वयंपाकघरात घुसले आणि त्यांनी गॅसच बंद केला. आमची ही किंचाळलीच. "तीन येळा बोलावलं तुमी त्याला, वहिनी! तीन येळा!" असं म्हणून ते निघून गेले. डाळ कच्चीच राहिली. मी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. आणि त्याच संध्याकाळी वावटळ आली अन् आमच्या गोठ्याचा पत्रा उडाला! तेव्हापासून आमची ही पण डाळ पातेल्यात शिजवते. आता काय बोलायचं?

पण एक गोष्ट मला खटकायची. हा माणूस कुणाला घरी जेवायला म्हणून बोलवायचा नाही. चहा द्यायचा, तोही ओट्यावर. वारूळवाडीच्या घराला तो 'क्वार्टर' म्हणायचा. "घर आमचं वर, डोंगराच्या अंगाला. घरी बोलवीन तवा जेवा." मी मनात म्हणायचो, चिक्कू मारवाड्यालाही लाजवील.

मग एकदा त्यांचे बोटीवरचे दोन जुने सोबती आले. रत्नागिरीकडचे इस्माईलभाई आणि वसईचा पास्कल. बबनराव दोघांच्याही घरी कितीदा तरी जेवून आलेले. आणि या गड्याने त्यांना उतरवलं कुठं, तर लॉजवर! पाहुण्यांना लॉजवर! मला ऐकूनच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आज घरी जेवायला नेतोय त्यांना. बेटावर. तुमी बी चला."

निघायच्या आधी बबनरावांच्या बायकोनं, शांतावहिनींनी मला भिंतीपाशी हाक मारली. बाईंचा चेहरा उतरलेला. "भाऊ, तुमी संगं जा. ह्यांनी त्यांना सांगितलंच न्हाई."

"काय सांगितलं नाही?"

"घर धरणात गेलं ते."

मी चाटच पडलो. मग वहिनींनीच सांगितलं, धरण भरलं तेव्हा बबनराव बोटीवर होते. सुट्टीवर आले तर एसटी काठावरच थांबली आणि पुढं नुसतं पाणी. ते पुन्हा बोटीवर गेले आणि पुढची कितीतरी वर्षं सोबत्यांना त्या घराच्या गोष्टी सांगत राहिले. पाच खणांचं घर, सागवानी चौकट, दारात आंबा. आता आज काय दाखवणार हा माणूस?

जीपमध्ये मंचरपासून पास्कल त्या आंब्याबद्दलच बोलत होता. काठावर मासेमारीची मोटारबोट ठरवलेली होती. बुडालेल्या वाडीमागच्या टेकडीचा माथा तेवढा वर राहिलाय, तेच बबनरावांचं बेट. तिथं बबनरावांनी तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतः मासवडी केली. रस्सा असा जाळ की पास्कलचे कान लाल झाले. दोघं हसत होते, खात होते. मी मात्र ताटातली वडी नुसतीच कुस्करत बसलो.

हात धुऊन इस्माईलभाई म्हणाले, "खाना तो हो गया, बबन. अब घर दिखा. कितने साल से चौकट-चौकट करता है."

"उशीर झालाय, परत कधीतरी..." मी मध्येच तोंड घातलं.

"तुमी गप ऱ्हावा, भाऊ," बबनराव म्हणाले.

आम्ही बोटीत बसलो. बबनराव उभे राहून एकदा समोरचा सुळका बघत, एकदा डावीकडची खिंड, जागेच्या खुणा जुळवत. बोटवाल्याला म्हणाले, "जरा म्होरं. अजून. बास, मोटार बंद." चहूकडं पाणीच पाणी. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "चपला काढा."

याचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. "भर पाण्यात चपला कसल्या काढायला लावता?"

"कुणाच्या घरात पायताण घालून शिरता का, भाऊ? खाली चौकट हाय."

पास्कलच्या तोंडाचा आ तसाच. शेवटी तो म्हणाला, "कधी गेलं? आणि तू आमाला इतकी वर्षं..."

"सांजच्याला बोटीवर समदी आपापलं घर काढून बसायची, पास्कल," बबनराव पाण्याकडं बघत म्हणाले. "तुझं वसईचं, ह्याचं रत्नागिरीचं. मी काय काढू?"

पास्कल उठला की काय, असं मला वाटलं. भांडण होणार, चारचौघांत या माणसाची अब्रू जाणार, आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

इस्माईलभाई खाली वाकले. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून फळीखाली नीट जोडीनं ठेवले. मग पास्कलनेही काढले. मीही चपला काढल्या.

बबनरावांनी खिशातून गुळाचा खडा काढला, फोडून तिघांच्या हातावर ठेवला. बोटीबाहेर वाकून तांब्या बुडवला आणि आमच्यापुढं धरला. दारी आलेल्याला आधी गूळपाणी, ही आमच्याकडची रीतच आहे. इस्माईलभाईंनी गूळ खाल्ला, पाणी प्यायले, आणि मान वळवून सगळीकडं सावकाश बघितलं.

"घर हवादार है तेरा, बबन."

बबनरावांनी तांब्या पुन्हा बुडवून भरून घेतला.

"अजून घ्या की," ते म्हणाले. "लाजू नका. आपलंच घर हाय."