लिव्हरचे आकडे आणि मेहुण्याची बदनामी

औषधांच्या बाबतीत माझ्याइतका शिस्तीचा माणूस आमच्या घराण्यात झाला नाही. कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळल्यापासून रात्रीची गोळी मी एकदाही चुकवली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळीने क्वचित लिव्हरवर ताण येतो, एकदा रक्त तपासून घेऊ." तेव्हा मी बायकोला ऐटीत सांगितलं, "बघ, माझा रिपोर्ट दवाखान्यात फ्रेम करून लावतील."

रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे दुपटीच्या वर निघाले.

डॉक्टरीणबाईंचा फोन बायकोने घेतला होता. बाईंनी तिला सरळ विचारलं, "दारू घेतात का?" नाही म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाने मला काखेत धरून घरी आणलं होतं. माझं तोंड लालबुंद, शर्टाला माती, पाय नव्या वासरासारखे लटपटत होते. "जरा फिरून आलो," असं मी भिंतीला सांगितलं होतं.

आणि हा मेहुणा एके काळी भरपूर पीत असे. बहिणीने रात्रीचा दिवस करून त्याला त्यातून बाहेर काढलं होतं.

आता खरं काय ते सांगतो. मी सायकलच्या दुकानात मॅनेजर आहे. "ताई, दोन दिवसांत शिकेल पोरगा," असं मुलांच्या आयांना सांगत माझे केस पांढरे झाले. पण मला स्वतःला सायकल येत नाही. लहानपणी राहून गेलं आणि मग सांगायची लाज वाटत गेली. बायकोलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला तेव्हा मेहुण्याला विश्वासात घेतलं. बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानात तो मला रोज संध्याकाळी शिकवायचा. "कुणाला बोलायचं नाही," असं मी त्याच्याकडून वचन घेतलं होतं. त्या दिवशी चढावर पेडल मारता मारता मी इतक्या वेळा आपटलो, की शेवटी सायकल त्यानेच स्वतःच्या घरी नेऊन टाकली आणि मला माझ्या.

फोन आला त्याच संध्याकाळी बायकोने भावाला बोलावून घेतलं.

"पुन्हा सुरू केलंस?" तिने विचारलं.

"नाही गं, ताई."

"मग रोज संध्याकाळी यांना घेऊन कुठे जातोस?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलायला इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मी चहाचा घोट घेतला आणि पंख्याकडे पाहिलं.

"तू बुडालास तेव्हा मी हात दिला," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आता यांना घेऊन बुडतोयस. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं.

मग बायको मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पायाबियात कळा येतात?"

"छे, अजिबात नाही."

त्यांनी माझी मांडी नुसती चाचपली आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून निघून गेले.

"हे कशाने झालं?" बाई म्हणाल्या. "नीट सांगा. यातले काही आकडे स्नायू दुखावले तरी वाढतात. उगाच लिव्हरला बोल लावायला नको."

मी खाली मान घालून म्हणालो, "सायकल शिकतोय."

बाई हसल्या. स्नायूंची आणखी एक तपासणी त्यांनी लिहून दिली. आठवडाभर सायकल बंद, मग पुन्हा रक्त, आणि गोळी मात्र चालू ठेवा, म्हणाल्या.

बायको हसली नाही. रिक्षात बसल्यावर तिने एवढंच विचारलं, "मी त्याला घालवून देत होते, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

मी हो म्हणालो. घर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

पुढच्या तपासणीत आकडे जागेवर आले. पण त्याच्या आधीच बायको भावाकडे जाऊन आली होती. दोघं बराच वेळ रडली म्हणे. मला तिने बरोबर नेलं नाही, म्हणून मी एकटा गेलो. दारातच हात जोडले.

"जाऊ द्या, भावोजी," तो म्हणाला. "ताईला संशय आला, ते मी समजू शकतो. माझा इतिहासच तसा आहे. पण तुम्हाला तर सगळं माहीत होतं. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होता."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "चहा गार झाला होता रे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने दार लावून घेतलं, आणि खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर त्याआधीच लावलं असतं.